कासऱ्याचं दुसरं टोक

एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून बाहेर आला. आधी वायर लोंबकळत आली, मग बोर्ड. गजांच्या मागं घरमालक भाऊसाहेबांचा हात होता.

"हितंच बस, ओट्यावर. घरात सुतक हाय."

थोड्या वेळापूर्वी मी त्याच घराच्या हॉलमध्ये होते. मला खुर्ची ओढून दिली होती. "मॅडम, पाणी घ्या, लांबून आलाय," असं चाललं होतं. मग कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या आईनं विचारलं, "कुठली गं बाई तू?" मी सांगितलं, राहते शिक्रापूरला, वाढले दौंडकडं, खुटबावला, मामाच्या घरी. पण जन्म हितलाच, निमोण्याचा.

"कुणाची?"

"किसनची. भीमनगरातल्या."

म्हातारीनं नुसतं लेकाकडं बघितलं. तेवढ्यावर मॅडमची मी 'तू' झाले, आणि माझी बॅग ओट्यावर गेली.

म्हणे सुतक. सुतक त्यांना होतं, मला कसलं? मांडववाला आतबाहेर करत होता. फुलवाला माजघरापर्यंत जाऊन आला. बिहारकडची दोन पोरं हॉलमध्ये पंखा लावत होती, त्यांना चहासुद्धा आतच मिळाला. त्या घराचं सुतक बरोबर माणूस बघून बाटत होतं.

तरी मी बसले. तेव्हा बसले. शिक्रापूरला हायवेच्या कडेला माझा एक लहान गाळा आहे. लॅपटॉप, कॉम्प्युटर दुरुस्तीचा. आयटीआय केलं, पुण्यात दुसऱ्याच्या हाताखाली राबले, मग स्वतःचं शटर उघडलं. अशा मोठ्या घरानं एकदा तोंड वाकडं केलं की पंचक्रोशीतली गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाची पायरी चढतात. एवढा हिशोब डोक्यात होता, म्हणून गिळलं.

फोन सकाळी आला होता. त्यांचे वडील, आबा, वारले होते. दशक्रियेला चौकाचौकात बॅनर लावायचे होते, आणि आबांचे सगळे चांगले फोटो एका लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप चालूच होईना. "बाहेर द्यायचा न्हाई, घरीच या. तुमचं नाव ऐकलंय, मॅडम." नाव ऐकलं होतं. आडनाव ऐकायचं राहिलं होतं.

लॅपटॉप पार गेला होता. बटण दाबलं की एक बारीक दिवा लागायचा आणि विझायचा. कुणाच्या तरी हातून पडलेला, कोपरा चेपलेला. मी मागचं झाकण उघडलं, हार्ड डिस्क काढली, केबल लावून माझ्या मशीनला जोडली. डिस्क टकटक करत होती. अशा डिस्कला घाई चालत नाही. एकेक फोल्डर हळूहळू ओढून घ्यायचा आणि लाईट जाऊ नये म्हणून वाट बघायची. ऊन ओट्यावर आलं. मी ओढणी स्क्रीनवर धरून काम करत राहिले. पाण्याचं कुणी विचारलं नाही. माझी बाटली होती.

फोटो यायला लागले. लग्नं, बारशी, ट्रॅक्टरची पूजा. जुने कागदी फोटोही कुणीतरी स्कॅन करून ठेवले होते. भाऊसाहेब खिडकीतूनच म्हणायचे, "फुडं घे. आजून फुडं."

मग तो आला.

बैलगाड्याच्या शर्यतीनंतरचा फोटो. मधे पांढरा बैल, अंगभर गुलाल. एका बाजूला आबा, गुलाबी फेटा, बैलाच्या वशिंडावर हात. दुसऱ्या बाजूला एक सडपातळ माणूस, अंगात बंडी, हातात बैलाचा कासरा. तो कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. बैलाकडं बघून हसत होता, सगळे दात दिसतील असा.

मला कुणी सांगायची गरज पडली नाही. माझंच नाक होतं ते.

माझा बाप मी सहा वर्षांची असताना काविळीनं गेला. ह्याच घरात तो सालानं गडी होता. आबांचे शर्यतीचे बैल त्यानं वाढवले, फिरवले, त्यांच्याजवळ गोठ्यात झोपला. तो गेला तेव्हा ह्या घरातलं कुणी त्याच्या मातीला आलं नाही. मग आई मला घेऊन खुटबावला आली ती परत निमोण्यात गेली नाही. आमच्याकडं त्याचा एकच फोटो, मतदान ओळखपत्रावरचा. काळा डाग पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. आई अजून म्हणते, "असा नव्हता गं तो. लई हसायचा." मी कधी हसताना बघितल्याचं मला आठवत नव्हतं. आता बघत होते. परक्याच्या ओट्यावर, परक्याच्या लाईटीवर.

"ह्यो. ह्योच पायजे," भाऊसाहेब म्हणाले. ते आता बाहेर आले होते, माझ्यापासून चार हात लांब उभे. "आबा कसले राजावानी दिसत्यात. त्या मागच्याला तेवढा काढ आन् फ्लेक्सवाल्याला पाठव."

"ते मागं न्हाईत, भाऊसाहेब. शेजारी हायत. ते माझे वडील हायत."

त्यांनी वाकून बघितलं. ओळखलं. तोंडावर एक रेघ हलली नाही.

"असंल. पण बॅनर आबांचा हाय. त्याच्यावर घरची माणसं असत्यात. गडी कशाला?"

मी म्हणलं, "बरं. मला ह्याची एक कॉपी ठेवू द्या. आमच्याकडं त्यांचा धड फोटो न्हाई."

हात जोडले नव्हते, पण आवाज जोडल्यासारखाच निघाला. त्या आवाजाची मला आजही चीड येते.

"आमच्या घरातले फोटो बाहेर द्यायची पद्धत न्हाई. काम झालं की तुझ्या मशीनवरचं समदं पुसून दाव. आन् त्याला काढ आधी, फ्लेक्सवाला खोळंबलाय."

माझ्या बापाला माझ्याच हातानं पुसायचं. आणि कुठून? त्याच्याच फोटोतून, त्यानं वाढवलेल्या बैलाशेजारून.

मी फोटो मोठा केला. माउसचा बाण बापाच्या मुठीवर आला. मूठ घट्ट होती, कासरा दोन बोटांतून वळसा घेऊन गेलेला. मी विचारलं, "माणूस काढला तर कासरा कुणाच्या हातात देऊ?"

"ते पण खोड की. कॉम्प्युटरवर काय होत न्हाई?"

"होतं," मी म्हणलं. "मी करणार न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई करणार. फायली काढायला बोलावलंत, फायली काढल्या. समद्या पेन ड्राईव्हवर हायत, ह्यो फोटो पण. कापायचा त्यानं कापावा."

मी माझी केबल काढली. मग त्यांच्यासमोर माझं मशीन त्यांच्याकडं फिरवलं. माझ्या दुकानात पाटी आहे, काम झालं की गिऱ्हाइकाच्या फायली आम्ही आमच्याकडं ठेवत नाही. मी ते पाळते. कुणाच्या बायकापोरांचे फोटो, कुणाचे उतारे, कुणाची भानगड, मी काही ठेवलेलं नाही. मी त्यांच्या देखत फोल्डर पुसले. लग्नं, बारशी, ट्रॅक्टर, सगळं. एक फाईल राहिली.

"ती?"

"ती न्हाई पुसत. तुमच्या तोंडावर सांगून ठेवते. ह्या फोटोत दोन माणसं हायत. एक तुमचे वडील, एक माझे."

भाऊसाहेबांचा आवाज चढला. मांडववाला काम सोडून बघायला लागला. "चोर हाय का तू? पोलिसात देईन. शिक्रापुरात शटर उघडून दाव मग."

मी मशीन मिटून बॅगेत घातलं.  

"जा की पोलिसात. तक्रारीत लिहा, काय चोरलं ते. फोटोत कोण हाय, ते बी लिहा. किसन कोण, तुमच्या घरात काय करत होता, कुठं झोपत होता, समदं लिहा. मी खाली सही करते."

 दारात म्हातारी येऊन उभी राहिली होती. ती फक्त म्हणाली, "दे तिला तिची मजुरी, जाऊ दे." मी मजुरी घेतली, मोजून घेतली. त्या घरात फुकट राबणं माझ्या बापापाशी संपलं.

तशीच एसटीनं खुटबावला गेले. आईला मोबाईलवर फोटो दाखवला. तिनं आधी पदरानं स्क्रीन पुसली, नुसतीच. खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याच दिवशी त्यांच्या घरात पुरणाचं जेवण होतं. ह्याला गोठ्यात वाढलं. बैलाच्या फुडं बसून जेवला आन् घरी येऊन मला म्हणला, आज सोन्या बैलानं नाव काढलं." मग तिला रडू आलं. मला आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. उतरवायचाही नाही.

तक्रार झाली नाही. बॅनर मात्र झाले. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या धुरात मी त्यातला एक बघितला. "भावपूर्ण श्रद्धांजली." आबा, फेटा, गुलालातला बैल. दुसऱ्या कुणीतरी बापाला कापलं होतं, पण घाईत. कासरा तसाच राहिला होता. बैलाच्या नाकापासून निघून ताणलेला, आणि पुढं काही नाही. हवेत. सिग्नलला थांबलेले दोन कामगार वर बघत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "ये रस्सी किसने पकड़ी है?"

मी माझ्या गाळ्यात तो फोटो मोठा करून लावला आहे, दारासमोरच्या भिंतीवर. पुरा. मी आबांना कापलं नाही. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. जी येतात ती विचारतात, हे फेटेवाले कोण? मी सांगते, ते बैलाचे मालक. कासरा धरलाय ते किसन, माझे वडील. बैल त्यांनी घडवला. मग ते घर, तो गोठा, ती मातीची गोष्ट, सगळं सांगते. ऐकायचं नसेल त्यानं लॅपटॉप उचलावा.

कुणी घरी बोलावलं तर अजून जाते. पण बॅग खाली ठेवण्याआधी विचारते, बोर्ड कुठं आहे. आत असेल तर मी आत बसते. वायर खिडकीतून बाहेर यायला लागली, की उठते. माझ्या बापानं त्यांच्या बैलाचा कासरा मरेपर्यंत धरला. मी त्यांची वायर धरणार नाही.