स्वमत लिहा

माझी आत्या गाईडं लिहिते. शाळेतली पोरं परीक्षा तोंडावर आली की उघडतात ती, पिवळ्या कव्हरची. कव्हरवर 'अनुभवी प्राध्यापकांच्या मंडळाकडून' असं छापलेलं असतं. ते मंडळ म्हणजे आत्या, आणि तिचं अक्षर फक्त मला लागतं म्हणून टायपिंगला मी. प्राध्यापक आमच्यात कुणीच नाही. आत्या काही वर्षं एका शाळेत बदली शिक्षिका होती, एवढाच काय तो अनुभव.

हातोटी मात्र जबरदस्त. जुन्या नाटकातला राजा असो, विदूषक असो नाहीतर इतिहासातला एखादा सेनापती असो, आत्या त्याला तीन विशेषणांत बसवते, प्रत्येक विशेषणाखाली पुस्तकातला एक पुरावा देते आणि शेवटी 'अशा प्रकारे'ने सुरू होणारं एक वाक्य ठोकून देते. पाचपैकी पाच गुण. ही सवय तिच्या इतकी अंगात मुरली आहे की घरातही तेच चालतं. दूधवाला : 'गोडबोल्या, विसरभोळा, पाण्याच्या बाबतीत उदार.' मी : 'हुशार, आळशी, लग्नाच्या बाबतीत बेफिकीर.' पाहुण्यांच्या पाठीमागे दार लागलं रे लागलं की विशेषणं सुरू. आम्ही त्याचीच वाट बघत बसलेलो असायचो.

एका माणसाला मात्र तिने एकच विशेषण दिलं, आणि तेही तोंडावर. तिच्या सख्ख्या मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या बाबांना.

बाबा बाटल्यांच्या कारखान्यात होते. मी लहान असताना तिथे मोठा संप झाला. आत्याचे यजमान, आमचे आतोबा, त्याच कारखान्यात भट्टीवर कामाला, आणि बाबा कामगारांचे पुढारी. संप लांबला. घराघरांत चुली थंड पडायला लागल्या. शेवटी मालकांनी अट घातली, भट्टीवाले सोडून बाकी सगळ्यांना कामावर घेतो. बाबांनी सही केली. बाकीचे कामावर परत गेले आणि भट्टीवाल्यांबरोबर आतोबाही घरी बसले. त्या संध्याकाळी आत्या आमच्या दारात आली, आत पाऊल न टाकता बाबांना म्हणाली, "विश्वासघातकी!" आणि निघून गेली. रागातही तिच्या तोंडून गाईडमधलाच शब्द निघाला. आज मी हे हसत सांगते, पण तेव्हा आईच्या मागे लपून मी रडले होते.

आतोबांनी पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि ते बऱ्यापैकी चाललं. भावाबहिणीत मात्र विस्तव जाईना. आई गेली तेव्हासुद्धा आत्या आली, बायकांत बसली आणि बाबांकडे न बघता परत गेली. मला दोन्ही घरं मोकळी होती. फक्त बाबांचा विषय निघाला की आत्याला कुकरची शिट्टी ऐकू यायची, कुकर लावलेला नसला तरी.

आणि यंदा बाबा कायमचे निघाले. माझा भाऊ लांबच्या शहरात असतो, तो त्यांना घेऊन जाणार होता. गुडघे दुखणारा, सत्तरी उलटलेला माणूस. एवढ्या लांब गेला की पुन्हा इकडे येणं अवघडच. मी टायपिंग करता करता आत्याला हे सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "पान उलट."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कागदावरच्या राजाराण्यांच्या मनात काय चाललंय ते हिला बरोबर कळतं, आणि सख्खा भाऊ चाललाय तर म्हणे पान उलट! बोलले मात्र नाही. आत्यापुढे बोलायची माझी टाप नाही.

त्याच आठवड्यात परीक्षा मंडळाने प्रश्नांची पद्धत बदलली. तीन विशेषणांचा जमाना संपला. आता प्रत्येक धड्याखाली 'स्वमत लिहा' असा प्रश्न आला. पोरांनी स्वतःचं मत लिहायचं आणि ते मत गाईडमध्ये तयार मिळायला हवं, अशी प्रकाशकांची अपेक्षा. आत्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन दिवसांत तिने वीसेक धड्यांवर लाखभर पोरांची स्वतःची मतं लिहून टाकली.

घोड्याने पेंड खाल्ली ती किल्लेदारापाशी. हे एक जुनं ऐतिहासिक नाटक. गडाला वेढा पडलेला आहे, टाक्यांतलं पाणी संपलंय. आतल्या बायकापोरांना सुखरूप सोडायच्या अटीवर किल्लेदार शत्रूला दरवाजा उघडून देतो. बायकापोरं वाचतात, पण बुरुजावरचे त्याचे शिपाई मारले जातात. आत्याच्या गाईडमध्ये वर्षानुवर्षं 'भित्रा, स्वार्थी, विश्वासघातकी' असं छापून येत होतं. आता प्रश्न आला : 'किल्लेदाराने दरवाजा उघडला हे योग्य की अयोग्य? स्वमत लिहा.'

आत्याने 'अयोग्य' लिहिलं. खोडलं. चष्मा पुसला. पुन्हा 'अयोग्य' लिहिलं आणि खाली पुरावा द्यायला मूळ नाटक काढलं. इतकी वर्षं ती आपल्याच जुन्या गाईडवरून नवं गाईड करत होती. नाटक पुन्हा वाचायची वेळच आली नव्हती. मी समोर हातावर हात ठेवून बसले. ती एकेक पान वाचत राहिली, मध्येच मागे गेली, पुन्हा पुढे आली. खालून दुकानातून आतोबांची हातोडी ऐकू येत होती.

"अगं," ती अखेर म्हणाली, "पाच अंकांत सगळे याच्याबद्दल बोलतात. राजा बोलतो, सेनापती बोलतो, शिपायाची विधवा बोलते. याच्याशी कुणीच बोलत नाही. का उघडलंस, असं याला एकही माणूस विचारत नाही."

मी मान खाली घातली. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसायला नको होते. तिला दिसले असावेत.

तेवढ्यात प्रकाशकांचा फोन आला. त्यांचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरजच नाही.

"बाई, किल्लेदार कुठाय? छपाई अडलीय!"

"त्याच्याखाली जागा कोरी सोडा," आत्या म्हणाली.

"कोरी जागा कोण विकत घेतं हो? दोन ओळी खरडा आणि द्या पाठवून."

"मग दोन दिवस थांबा. मला आधी एकाला विचारायचंय."

"कुणाला? नाटककार तर कधीच वारला!"

"नाटककाराला नाही. किल्लेदाराला," असं म्हणून आत्याने फोन ठेवला आणि साडी बदलायला आत गेली.

आम्ही जिना उतरलो. आतोबा दुकानाच्या पायरीवर चाकाचं पंक्चर काढत होते. "मी दादाकडे जाऊन येते," आत्या त्यांना म्हणाली, आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता ताडताड डावीकडे निघाली.

"अगं, तिकडे कुठे?" आतोबा हात पुसत म्हणाले. "त्यांनी घर बदललं. दवाखान्याच्या मागे, दुसरा मजला."

आत्या थांबली. "तुम्हाला हो कसं माहीत?"

आतोबांना एकदम हातातल्या ट्यूबमध्ये आणखी एक भोक दिसलं. ते अगदी मन लावून त्याच्याकडे बघू लागले.

"अहो, मी काय विचारतेय?"

"बुधवारी जातो," ते ट्यूबलाच म्हणाले. "पत्ते खेळायला."

"कधीपासून?"

"ते... दुकान टाकलं तेव्हापासून. भांडवल त्यांनीच तर दिलं होतं."

मला हे माहीत होतं. माझ्याकडून तोंड न उघडण्याची शपथ घेतली होती दोघांनी. आत्या आतोबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिच्याकडे विशेषणांचा तोटा कधीच नव्हता, पण त्या क्षणी तिला एकही सुचलं नाही. ती वळली आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागली.

बाबांनी दार उघडलं. मागे खोलीभर बांधाबांध, भिंतींवर काढलेल्या फोटोंचे चौकोन. बहिणीला बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

"दादा," ती म्हणाली, आणि तिला दम लागला होता, "सही केलीस तेव्हा यांची नोकरी जाणार हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग का केलीस?"

"आदल्या दिवशी चौघा कामगारांच्या घरी गेलो होतो," बाबा म्हणाले. "चारही घरांत पोरं उपाशी झोपली होती. तुझ्या घरी निदान तुझा शाळेचा पगार येत होता. भट्टीवाल्यांत माझाही माणूस होता, म्हणून सही करू शकलो. नुसता दुसऱ्यांचाच बळी द्यायचा मला काय हक्क होता?" त्यांनी चौकट सोडली. "हे तुला सांगायचं होतं गं. पण तू विचारलंच नाहीस."

आत्या रडत होती, आणि रडता रडताच तिने मान हलवली. "तरी चुकलास. आधी आमच्याकडे यायचं होतंस. आमच्या तोंडावर सांगायचं होतंस. आणि मी त्याहून चुकले. पण तू चुकलासच, दादा. हे माझं मत आहे."

"एवढ्या वर्षांत 'चुकलास' असं तोंडावर म्हणणारी तू पहिलीच," बाबा म्हणाले. बाहीने डोळे पुसून त्यांनी पुस्तकांचं एक बांधलेलं खोकं तिच्यापुढे सरकवलं. "बस आधी. उभ्या उभ्या काय भांडतेस?"

आत्या खोक्यावर बसली. "आता पहिल्यापासून सांग," ती म्हणाली, आणि बाबांनी तोंड उघडायच्या आतच तिने त्यांना खोडून काढायला सुरुवात केली.