पंचनाम्याच्या आदल्या दिवशी

दोन हजार पाच सालची गोष्ट. वेदगंगेच्या पुराचं पाणी घरातनं उतरलं आणि आम्ही शाळेतल्या छावणीतनं परत आलो, तर कणगीतली वर्षाची ज्वारी फुगून कुजलेली. रानातलं सोयाबीन गाळाखाली. रानाचा पंचनामा कधी होईल ते देवालाच ठाऊक, पण ज्यांचं घरातलं धान्य भिजलंय त्यांना सरकारी मदत लगेच मिळणार होती. ती मिळाली तरच आमच्या घरात भाकरी होणार होती. दुसरी वाटच नव्हती.

कोतवाल गल्लीतनं ओरडत गेला, “उद्या पंचनाम्याला साहेब येणार हाईत, घरं सोडून जाऊ नका!” आमच्या आईनं त्यातलं काय ऐकलं? साहेब येणार, एवढंच! झालं. गुडघाभर गाळ तिनं पाटीनं उपसला. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पाण्याची रेघ उमटली होती, तिच्यावर पांढरी माती फिरवली. जमीन शेणानं सारवली. कुजकी ज्वारी घरामागच्या परड्यातल्या उकिरड्यावर नेऊन ओतली. मी कॉलेजला जाणारी शहाणी, मीही तिच्याबरोबर पाट्या वाहिल्या. “पावणं घरात येणार आन् नाकाला फडकं लावणार व्हय?” ती म्हणाली. मला तेव्हा ते पटलंसुद्धा!

दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब आले. भला माणूस, खोटं कशाला बोलू? खाटेवर बसले, चहाचा कप हातात घेतला, “घर लई झकास ठेवलंय, वैनी,” म्हणाले. आई चुलीपाशी लाजून हसली. मग त्यांनी विचारलं, “पाणी कुठवर होतं?” माझ्या वडलांनी, आबांनी, छातीला हात लावून दाखवलं. भाऊसाहेबांनी भिंतीकडं बघितलं. भिंत पांढरीशुभ्र.

“खूण न्हाय की दिसत.”

“ते काल सारवलंय,” आबा पुटपुटले.

“बरं, भिजलेलं धान्य तरी दाखवा.”

आतनं आईच बोलली, “टाकलं की! असलं घरात ठेवतंय व्हय कोण?”

मी म्हटलं, “परड्यात हाय, चला दाखवते.” तर आबा माझ्यावरच डोळे वटारून, “गप. पावणं चा पित्यात.” चहा पिणाऱ्या माणसाला उकिरडा दाखवायला उठवायचं आबांच्या जिभेवर येईना. असा संताप आला! पण कुणाला बोलणार? आपलेच दात न् आपलेच ओठ.

भाऊसाहेब म्हणाले, “वरनं तपासणी येती, आबा. बघितलं न्हाई ते लिवलं तर माझी नोकरी जाईल.” त्यांनी धान्याच्या नुकसानीपुढं ‘निरंक’ लिहिलं. आबांनी सही केली.

ते गेल्यावर मी आईला सांगितलं, निरंक म्हणजे काहीच नुकसान नाही. ती तशीच उठून परड्यात धावली, दोन्ही हातांनी उकिरड्यावरची ज्वारी पदरात भरली आणि रस्त्यावर पळाली. कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आई! मी मागनं.

भाऊसाहेब शेजारच्या दारात उभे होते. त्या घरात गाळ तसाच होता, पोती फुटून पडलेली, आणि ते लिहून घेत होते. निम्मी गल्ली तिथं जमलेली. आईनं सगळ्यांसमोर पदर उघडला. पाणी ठिबकत होतं. “हे बघा. हे हाय,” एवढंच तिला बोलता आलं.

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. “सही झाली, वैनी. आता कागद फिरत न्हाय.”

माणसं नाकाला रुमाल लावून मागं सरली. कोतवाल म्हणाला, “बाजूला व्हा ओ, वास मारतोय.”

आईनं पदर पटकन मिटून पोटाशी धरला. “चुकलं बाबा माझं,” ती म्हणाली, आणि त्या सगळ्यांना वाट करून द्यायला भिंतीला टेकून उभी राहिली.