रगेचे दोन तुकडे

एखाद्या गोष्टीची किळस आली की इक्बाल बागवान सर आधी एसटीची खिडकी उघडत. काच सरकवायची, नाक बाहेर काढायचं आणि मग आत वळून म्हणायचं, "छ्या!" गाइडातून उतरवलेलं उत्तर असो की स्टँडवरचा शिळा वडा, खिडकी उघडायचीच. थंडीत मागच्या बायका ओरडत, "ओ मास्तर, काच लावा की, पोर गारठलं!" ते मुकाट्यानं लावत. चेहरा मात्र तसाच राही.

आम्ही दोघं कोल्हापुरात राहून गारगोटीच्या एका शाळेत शिकवत होतो. ते भूमिती, मी मराठी. जाता-येता मी वाचत असे आणि ते खेळत असत. त्यांच्या मेव्हण्यानं आखातातून मुलांसाठी हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला होता. मुलं कंटाळली, सर अडकले. रानातून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी लढवायचे, असा तो खेळ. सगळी अक्षरं जपानी. म्हणून प्राण्यापुढच्या आकड्यांना सरांनी स्वतःच नावं दिली : जीव, ताकद, कातडी, चपळाई. शेवटचा आकडा मात्र त्यांना छळत होता. तो मोठा असला की प्राण्यानं फेकलेली आग किंवा पाणी जोरात लागे, आणि समोरून आलेलं कमी लागे.

मुदाळतिट्ट्याला गाडी थांबली असताना ते एकदम ओरडले, "सर, रग हाय ही! रग!"

कंडक्टरनं मागं वळून पाहिलं.

"बघा की. जो मारतोय त्योच सोसतोय. एकाच आकड्यात दोन्ही. माणसात तरी दुसरं काय असतंय?"

तेव्हापासून ते वर्गातली मुलंही याच मापानं मोजू लागले. प्रमेय चुकलं तरी पुन्हा फळ्याकडे येणारा मुलगा दिसला की म्हणत, "हुशार न्हाय, पण रग हाय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांचा सर्वांत लाडका प्राणी म्हणजे एक ओबडधोबड बेडूक. नाव दगडू. अंगात ताकद बेताची, पण रग अफाट. पाण्याच्या एका पिचकारीत तो भल्याभल्यांना आडवा करी. "दगडूला काय झालं तर मी शाळंला येणार न्हाय," असं ते हसत म्हणत. पण ते निव्वळ हसणं नव्हतं, हे मला दिसत होतं.

काही वर्षांनी मेव्हण्यानं त्या खेळाचा पुढचा भाग आणला, नव्या यंत्रासकट. जुनं यंत्र माझ्या हातात देऊन, दोहोंमध्ये वायर जोडून, सरांनी दगडूला नव्यात पाठवलं. तो पोचला. सरांनी त्याचे आकडे वाचले. मग त्यांनी खिडकी उघडली.

"काय झालं?"

"रगेचे दोन तुकडे केलेत खेळ करणाऱ्या बेण्यांनी. एक मारायची, एक सोसायची. सोसायची तेवढी ठेवलीया, मारायची कापून टाकली. कोंबडी हाय काय ती, तंगडी वेगळी आन् काळीज वेगळं विकाय?"

"पण सर, हिशेबाला हे जास्त नेमकं नाही का?"

"पावणं," ते म्हणाले. माझ्यावर चिडले की मी पाहुणा होई. "नेमकं हाय. म्हणूनच किळस येतीया."

दगडूला त्यांनी त्याच वायरीतून जुन्यात परत आणलं.

पुढचे भागही येत राहिले. तिसऱ्यात जुन्या प्राण्यांना दारच बंद होतं. "म्हंजे म्हाताऱ्यांनी मरायचं!" चौथ्यात तर एकाच प्राण्याचं पाणी कधी ताकदीनं लागे, कधी मारायच्या रगेनं. सरांनी तो भाग भाचीला देऊन टाकला आणि हात धुतले, अगदी साबण लावून. मी पूर्वी या सुधारणांची बाजू घेत असे. पुढं घेईनासा झालो.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. मी शाहूपुरीतल्या दवाखान्यात जाऊन बसत असे. हातात सुया असल्यामुळे त्यांना खेळता येत नसे. दगडूला मी चालवायचो, ते सांगायचे. मी चुकलो की ते पूर्वी खेकसत. एके दिवशी माझ्या चुकीनं दगडू हरला, आणि ते काहीच बोलले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक मोठमोठ्यानं भांडत होते. त्यांनाही काही बोलले नाहीत.

"सर, बोला की काहीतरी."

"मारायची संपली," ते हळू म्हणाले. "सोसायची हाय अजून. लई हाय. संपंना झालीया." थोड्या वेळानं त्यांचं नाक आक्रसलं. "म्हंजे त्या बेण्यांचंच बरोबर हुतं की हो. छ्या! खिडकी उघडा."

मी उठलो. एसीची खोली होती. काच फ्रेममध्ये पक्की बसवलेली होती.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा झाली. हारांचा गोड, जड वास, त्यात अगरबत्ती. मुख्याध्यापक घसा साफ करून म्हणाले, "बागवान सरांनी शेवटपर्यंत रग सोडली नाही."

कुठली, असं विचारावंसं वाटलं. मी उठलो, भिंतीकडे गेलो आणि खिडकी उघडली.