भांडगावानं निवडलेली स्क्रीन

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजी करपली तरी फोन करून सांगते! तुम्हालाच का सांगतेय? काय माहीत. ऐका झालं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्यातली एक छोटी कंपनी मराठीतून चालणारा कॉम्प्युटर तयार करत होती, आणि काही महिन्यांच्या बोलीवर तिथं आम्ही दोघी — मी दौंडची, कुसुम शिरूरची. काय दिवस होते ते! एका डब्यात जेवायचं, एकाच खुर्चीसाठी भांडायचं. काम एवढंच — कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की देश, तारीख, वेळ लावायची असते ना, ती स्क्रीन सोपी करायची. दोघींनी आपापली केली. जिची लोकांना सोपी वाटेल ती कायम, दुसरी घरी. आणि कुसुमला घरी जायचं नव्हतं हो. तिच्या आप्पांनी बजावलं होतं — कायम झालीस तर राहा, न्हाईतर गुमान शिरूरला ये.

माझी स्क्रीन म्हणजे जगाचा रंगीत नकाशा. आपल्या देशावर क्लिक करा, मग तारीख, मग घड्याळ... अशी देखणी की मीच तिच्या प्रेमात! कुसुमची? एकच प्रश्न — तुम्ही कुठले? तालुका निवडा, बाकीचं आपोआप. मी नाक मुरडलं होतं.

तिनं शिक्रापुरात कामगारांना दोन्ही दाखवल्या. निम्मे इकडं, निम्मे तिकडं. मग सगळं आलं दौंड तालुक्यातल्या माझ्या भांडगाववर. टेम्पोत कॉम्प्युटर घालून मी एकटीच गेले, ग्रामपंचायतीत मांडला, आणि जत्राच भरली की! पहिला मान गावातल्या आबांचा. नकाशावर त्यांचा माउस सुटला तो थेट अरबस्तानात. नुकताच चारचा चहा झालेला — कॉम्प्युटरच्या घड्याळात वाजला दीड. आबा खूश!

"म्हंजी चहा अजून व्हायचाच हाय! आणा परत."

हसून हसून पोट दुखलं. आणि खरंच परत चहा आला! मग कुसुमची स्क्रीन लावली. आबांनी दौंड शोधलं, दाबलं, झालं.

"ही शहाणी हाय," म्हणाले, "आधी गाव इचारती."

त्यांच्यामागं जो आला त्यानं तेच सांगितलं. एकजात सगळ्यांनी.

एसटीडी बूथवरून कंपनीतल्या सरांना फोन लावला. "कुणाची आवडली?" बोलायचं एकच नाव होतं — आणि मी — काय सांगू — मी म्हणाले, "माझी." घाबरले होते? छे! चांगली खणखणीत बोलले.

कुसुम गेली. माझ्या नोकरीचे पेढे तिनंच वाटले. आज शिरूरला तिचा क्लास जोरात चाललाय, भेटलो की दोघी अजून तशाच खिदळतो. पण ते तिनं तिच्या हिमतीवर केलंय. त्यात माझं पुण्य शोधू नका.

परवा तिच्या क्लासात गेले होते. जुन्या कॉम्प्युटरवर माझा नकाशा उघडून ती पोरींना कौतुकानं सांगत होती, "मला हा अवघड वाटायचा गं. पण लोकांना हाच सोपा वाटला, म्हणून मी हट्ट सोडला. आपलं शहाणपण बाजूला ठेवायचं, लोकांचं ऐकायचं."

पोरींनी माना डोलावल्या. मीही डोलावली.