उसनं नाक

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काका इस्त्री करत आणि काकू डाग काढत. गिऱ्हाइकानं कोट टेबलावर ठेवला की काकू तो उजेडाकडे धरून विचारत, "शाई की चहा?" माणूस आठवत बसे, तोवर त्यांनी योग्य ती बाटली उचललेलीही असे. डाग त्या डोळ्यांनी आणि नखानं ओळखत. कपडा नाकापाशी नेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकानाच्या वरच्याच खोलीत राहत असूनही ते माझ्या ध्यानात आलं नाही. त्यासाठी एका मांजराला उपाशी राहावं लागलं.

मांजर काकूंच्या नणंदेचं. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राही. दोघींमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य. नणंद म्हणे, वहिनीच्या घरात माणसं कमी, साबण जास्त. काकू म्हणत, वन्संच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी धुळीची परवानगी काढावी लागते. मग ही नणंद जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर घालून नेताना तिनं काकूंचं मनगट धरलं. "वहिनी, तुझं माझं जे काय असेल ते राहू दे. माझ्या चिंधीला सांभाळ. तीच नसली तर मी हे हाड कुणासाठी जोडून घेऊ?"

काकूंनी शब्द दिला. टोपलीत बसून चिंधी लाँड्रीच्या मागच्या खोलीत आली. पांढऱ्या अंगावर काळी-तांबडी ठिगळं, आणि नजर अशी की हे घर तिला कुणी दाखवायला आणलंय, राहायला नव्हे.

आठवडाभरात तिला सर्दी झाली. नाक चोंदलं, डोळे चिकटले. तिनं खाणं सोडलं, मग पाणीही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"घडी मोडत नाहीये," काकू हळूच म्हणाल्या.

"अंगातलं पाणी आटलंय." डॉक्टरीणबाईंनी कातडीखाली सलाइन दिलं, औषध दिलं. "पाणी तोंडात ओतू नका, छातीत जाईल. वाफ द्या, मासा कोमट करून द्या. मांजराला वास आला नाही तर ते अन्नाला अन्न मानत नाही. आणि अशीच उपाशी राहिली तर यकृत जाईल. मग माझ्याही हातात फारसं राहणार नाही."

"वास आला नाही तर काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"भूक असते हो. पण समोर जेवण आहे हेच तिला कळत नाही."

परतीच्या वाटेवर टोपली माझ्या हातात होती. घराजवळ आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "बिचारी. आपण निदान घड्याळ बघून जेवतो." मला ते नुसतंच एक वाक्य वाटलं.

लाँड्रीत वाफेला काय तोटा! काकूंनी टोपली वाफेच्या प्रेसशेजारी ठेवली. डोळे पुसले, नाक पुसलं, बशी दर वेळी उकळत्या पाण्यातून काढून त्यांच्या बाटल्यांच्या फळीवर निथळत ठेवली. चिंधीचं नाक मोकळं झालं. श्वासातली घरघर गेली. आता खाईल, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

ती खाईना. बशीपर्यंत येई, मान पुढे करी, ओठ चाटी आणि एकदम तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसे. त्या भिंतीवर काहीही नव्हतं. तरी मी बराच वेळ तिच्या नजरेच्या मागे जाऊन बघत असे. न खाणाऱ्या प्राण्याकडे बघताना आपलं खाणं विचित्र वाटू लागतं. आपण जगात रोज हात घालून काहीतरी तोंडात टाकतो, ते कुणाच्या भरवशावर?

"रुसली असेल," काका म्हणाले. "कुणाच्या हातचं खायचं नाही, हा आमच्या बहिणीचाच वाण."

"तुम्ही इस्त्री करा."

संध्याकाळी इस्पितळातून फोन येई. "जेवली का गं?"

"जेवली, वन्सं."

"पाणी?"

"प्यायली." फोन ठेवला की काकू हाताकडे बघत, जणू त्यावर डाग पडलाय. डॉक्टरीणबाई रोज सलाइन देत होत्या, पण आता त्या हिरड्या उचलून पिवळेपणा शोधू लागल्या होत्या.

एका दुपारी मी कपडे न्यायला गेलो, तर काकूंनी शटर अर्धं खाली ओढलं.

"तुम्हाला सर्दीबिर्दी नाही ना?"

"नाही."

"मग हे हुंगा." त्यांनी माशाचं पातेलं पुढे केलं.

मी हुंगलं. मासा ताजा होता, चांगला होता. मग त्यांनी बशी दिली. मग पाण्याचं भांडं, मग टोपलीतली घडी केलेली चादर. मी एकेक नाकाशी नेत होतो आणि त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, निकाल लागायचा असल्यासारख्या.

"बशीला औषधाचा वास आहे. डाग काढायच्या औषधाचा. पाण्याला पण आहे. चादरीला तर आहेच. काकू, सगळ्यालाच तुमच्या दुकानाचा वास आहे."

"दुकानाला वास आहे?"

त्यांनी हे इतक्या खऱ्या कुतूहलानं विचारलं की मला हसू फुटलं आणि लगेच विरलं. "कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"उग्र. नाकाच्या शेंड्याला टोचतो."

त्या स्टुलावर बसल्या. "मला नाही येत. कितीक वर्षं झाली. आधी साबणाचा गेला, मग सगळाच गेला. कुणाला सांगायचं? कपड्याला घामाचा वास राहिलाय की गेला हे जिला कळत नाही, तिच्याकडे गिऱ्हाईक कपडे टाकेल?" मग त्या मागे वळल्या. "अहो, तुम्ही तरी बोलायचं! या पोरीला मी विषाच्या वाफेत बसवली, आणि तुम्ही शेजारी उभे!"

काकांनी इस्त्री उभी केली. "मला कुठला येतोय? माझं नाक तुझ्याआधी गेलं."

"मग रोज ताटावर बसताना 'काय वास सुटलाय' म्हणता ते?"

"म्हणायचं असतं."

एका छताखाली दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांच्या नाकावर विसंबलेली. मग काकूंनी फोन उचलला आणि स्वतःच नंबर लावला.

"वन्सं, मी खोटं बोलले. ती खात नाही. इथं आल्यापासून धड खाल्लेलं नाही." पलीकडचा आवाज इतका चढला की आम्हालाही ऐकू आला. काकूंनी तो पुरता ऐकून घेतला. "हो. माझंच चुकलं. मला वास येत नाही, वन्सं. इथली हवा तिला खाऊ देत नाही हे मला कळलंच नाही."

पलीकडून प्रश्न आला, "अजिबात येत नाही?"

"अजिबात."

"मग इतकी वर्षं माझ्या घराला वास येतो म्हणून नाक कशाच्या जोरावर मुरडत होतीस?"

"माझ्या घरी ने तिला," नणंद म्हणाली. आवाज रडवेला होता. "किल्ली तुझ्याकडेच आहे. आत्ता ने. आणि वहिनी, तिथं काही धुऊ नकोस."

दुकान बंद करून आम्ही तिघं निघालो. आधी डॉक्टरीणबाईंकडे. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, चिंधीची छाती तपासली आणि म्हणाल्या, "मोकळ्या हवेत न्या. उद्या सकाळपर्यंत तोंड लावलं नाही तर नळी घालावी लागेल." नणंदेच्या घरात खिडक्या उघडल्या तशी उन्हात धूळ तरंगू लागली. पलंगावर चुरगळलेली गोधडी, खुर्चीवर चार दिवस वापरलेला स्वेटर. काकूंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

चिंधी टोपलीतून उतरली. पलंगाचा पाय हुंगला, दाराची कड हुंगली, स्वेटरपाशी खूप वेळ थांबली. माझ्या खोलीतून आणलेल्या वाडग्यात मी पाणी ओतलं. ती आली, मान पुढे केली. मग जिभेचा बारीक आवाज सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

माशाचा तुकडा काकूंनी बोटावर धरला, मग काही आठवून माझ्या हातात दिला. "तुमच्या बोटांनी द्या."

चिंधीनं तो हुंगला, उचलला, खाली टाकला, परत उचलला आणि खाल्ला. दुसराही खाल्ला.

"आता कसा येतोय?" काकूंनी कुजबुजत विचारलं. "वास. तिला काय येत असेल?"

मी सांगायचा प्रयत्न केला. कोमट, थोडा खारट, ओल्या दगडासारखा. शब्द संपले आणि वास शिल्लक राहिला. काकू मात्र मान हलवत ऐकत होत्या.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, नजर चिंधीवरच ठेवून. "खरं सांगा. माझ्या हातचं तुम्हाला शेवटचं कधी आवडलं होतं?"

"अगं, मांजर जेवतंय," काका म्हणाले. "तिकडे बघ."