टपालबाईंचे गोड निरोप

साइटवर त्यांना सगळे टपालबाई म्हणत, तेही तोंडावर. बाईंना त्याचा राग नव्हता. पहिल्यांदा कुणीतरी तशी हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवून 'ओ' दिली आणि नाव पक्कं झालं. वय चौपन्न, अंगकाठी बारकी, विटांच्या ढिगाऱ्यावरूनही चालणं तुरुतुरु, आणि आवाज इतका मऊ की शिवी दिली तरी समोरच्याला वाटावं, बाईंनी तब्येत विचारली.

काम सुपरवायझरचं. कुठल्या मजल्यावर काय झालं, काय राहिलं, कोण दांडी मारून बसलंय, हे बघायचं आणि साहेबांच्या कानावर घालायचं. पण बाईंचं खरं काम निराळंच होतं. दोन माणसांचं बिनसलं, की त्या मधे उभ्या राहायच्या.

आता बांधकामावर बिनसायला काय लागतं हो? गवंडी भिंत बांधतो, वायरवाला ती फोडतो, गवंडी पुन्हा लिंपतो, मग रंगवाला नाक मुरडतो की लिंपण ओलं आहे. प्रत्येकाला वाटतं, कामाला आपण आलोय आणि बाकीचे ते बिघडवायला. बाईंचा उपाय ठरलेला. भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवायचंच नाही. याचं ऐकायचं, त्याच्याकडे जायचं. त्याचं ऐकायचं, याच्याकडे यायचं. आणि जिना चढता चढता निरोप सुपातून पाखडून घ्यायचा. शिव्या, टोमणे, सात पिढ्यांचा उद्धार, सगळा कोंडा उडवून द्यायचा आणि उरतील ते चार गोड शब्द पोचते करायचे. पंधरा वर्षांत एकही भांडण साहेबांच्या टेबलापर्यंत गेलं नव्हतं. ही गोष्ट बाई स्वतः कधी सांगायच्या नाहीत. दुसऱ्याकडून वदवून घ्यायच्या.

उडवलेला कोंडा मात्र त्या फेकत नसत. साइटच्या वहीत मागच्या पानांवर प्रत्येक निरोप जसाच्या तसा, तारीख घालून लिहायच्या. कामासाठी नव्हे, मजा म्हणून. दुपारचा डबा झाला की चहाबरोबर एखादं पान वाचायचं आणि एकटंच खुदुखुदु हसायचं. कुणाला साड्यांचा शौक असतो, कुणाला भांड्यांचा. बाईंना दुसऱ्यांच्या शिव्यांचा होता.

त्या वर्षी काम चाललं होतं एका दवाखान्याचं. दुसऱ्या मजल्यावर लहान मुलांचा वॉर्ड, त्याला लागून तीन बाथरूम. फरशी बसवायला मिस्त्री, पाइप टाकायला प्लंबर. दोघंही हाताने सोन्यासारखे. आणि दोघं एकमेकांचे साडू. मिस्त्रीची बायको थोरली, प्लंबरची धाकटी. त्यामुळे प्लंबर त्याला भावोजी म्हणायचा आणि मिस्त्री त्याला, मनात येईल ते.

भांडण झालं चार महिन्यांपूर्वी. मिस्त्रीने सकाळी व्हरांड्यात फरशी बसवली, खालचा माल ओलाच होता, आणि प्लंबर खांद्यावर पाइप घेऊन त्यावरून चालत गेला. आठ फरशा दबल्या. मिस्त्री सगळ्यांसमोर म्हणाला, "डोळे आहेत की नुसती पाइपाची भोकं?" एवढंच. पण साडूने साडूला चारचौघांत बोलायचं म्हणजे काय थोडी गोष्ट आहे? प्लंबरने त्या दिवसापासून तोंड फिरवलं. भावोजीचा 'तो मिस्त्री' झाला. दोघी बहिणी फोनवर कुजबुजत बोलायला लागल्या. आणि एकाच बाथरूममध्ये चार हातांवर काम करणारी ही दोन माणसं एकमेकांना सांगायचं ते टपालबाईंच्या तोंडून सांगायला लागली.

आणि मग मंगळवारी पाणी तुंबलं.

फरशीला उतार किती आहे ते बघायला मिस्त्री खिशात काचेची गोटी ठेवायचा. दाराशी गोटी सोडली की ती घरंगळत पाणी जायच्या जाळीपाशी गेली पाहिजे. त्या दिवशी साहेबांसमोर त्याने गोटी सोडली. ती वीतभर गेली, थांबली आणि तिथेच बसून राहिली. साहेबांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणीही गोटीच्या सोबतीला बसलं. दुसऱ्या बाथरूममध्ये तेच, तिसऱ्यात तेच.

"उतारच दिलेला नाही," प्लंबर भिंतीकडे बघत म्हणाला.

"जाळीच वर बसवलीय," मिस्त्री दुसऱ्या भिंतीकडे बघत म्हणाला.

साहेब कमी बोलणारा माणूस. त्यांनी पँटचे पाय वर दुमडले, पाण्यातून बाहेर आले आणि बाईंना म्हणाले, "पंधरा दिवसांत इथे आजारी मुलं यायची आहेत. परवा सकाळी मला लिहून द्या, चूक कुणाची. ज्याची चूक, तो या कामावरून जाईल."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. दोघांपैकी एक गेला असता तर दुसऱ्याला त्याच्या घरात पाऊल टाकता आलं नसतं, आणि दोघी बहिणींचं कुजबुजणंही बंद झालं असतं.

बुधवारी बाईंनी नेहमीप्रमाणे दोघांना वेगवेगळं गाठलं. मिस्त्री जिन्यात बसून थापी पुसत होता.

"ताई, मी ठणकावून सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. मला काय किंमत आहे? मग म्हटलं बसवतो फरशी आहे त्या जाळीला, भोग फळं."

"असं नका म्हणू हो. तो काही तुम्हाला किंमत देत नाही असं नाही."

"मग 'बघतो' काय म्हणाला? बघतो? सिनेमा आहे का?"

प्लंबर गच्चीवर टाकीला नळ जोडत होता. त्याची तक्रार मिस्त्रीच्या तक्रारीची जुळी बहीण असावी तशी. "मी आकडा सांगितला होता बाई. आकडा. वर उत्तर काय, 'बघतो'. मोठा लागून गेलाय बघणारा. मग मीही जाळीला हात लावला नाही."

बाई दोघांचं लिहून घेऊन घरी गेल्या. दोघंही खरं बोलत होते, हे त्यांना त्यांच्या आवाजावरून कळत होतं. म्हणूनच तर कागद कोरा राहिला होता.

घरी वेगळीच लढाई. बाईंची मुलगी शाळेत शिकवायची आणि तिला तिच्या खोलीत टेबल हवं होतं. टेबलाच्या जागी वडिलांचं लोखंडी कपाट. बाप-लेक महिनाभर एकमेकांशी मोजकंच बोलत होते, आणि मधे टपाल चालू होतं.

"आई, कपाटाचं काय झालं?"

"बाबा म्हणतात, सावकाश बघू."

मुलगी वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं. "बाबांच्या तोंडात 'सावकाश बघू' बसत नाही ग. खरं काय म्हणाले?"

"खरं म्हणजे?"

"म्हणजे तू इस्त्री करायच्या आधी."

बाईंनी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं. "म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत त्या कपाटाला हात लावून बघ."

"हां. आता कळलं." मुलगी चिडली नाही. उलट तिचा चेहरा मोकळा झाला. "महिनाभर मी वाट बघतेय की ते बघतायत. मला 'नाही' कळलं असतं तर मी त्याच दिवशी टेबल खिडकीशी लावलं असतं. तुझ्या निरोपात सगळेच शहाणे असतात, आई. मग या घरात भांडतं कोण?"

बाई उठल्या. त्यांनी पिशवीतून साइटची वही काढली, मागची पानं उलटली आणि फरशी बसवण्याच्या आठवड्यावर येऊन थांबल्या. या पानांवर त्या एकदा मनसोक्त हसल्या होत्या. या वेळी हसू आलं नाही. वाचत गेल्या तसं त्यांचं बोट एकेका ओळीखाली थांबत गेलं.

गुरुवारी सकाळी साहेब यायच्या आधी बाईंनी दोघांनाही बाथरूममध्ये बोलावलं. फरशीचे दोन खोके मांडले आणि बसा म्हणाल्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच दोन भांडणारी माणसं बाईंनी एका दारातून आत घेतली होती. दोघं बसले, एकमेकांकडे खांदे करून.

"मी वाचते," बाई म्हणाल्या. "मधे बोलू नका." त्यांनी चष्मा लावला. "सोमवार. प्लंबरचा निरोप. 'त्याला सांगा, दारापासून जाळीपर्यंत दीड इंच उतार पाहिजे. दीड इंच म्हणजे किती हे कळत नसेल तर स्वतःचं नाक मोजून बघ म्हणावं, बरोबर तेवढंच आहे.'"

मिस्त्रीचा हात नकळत नाकाकडे गेला. "असं म्हणालास तू?"

"म्हणालो. तुम्ही काय कमी म्हणालात?"

"मधे बोलू नका म्हटलं ना. आता मिस्त्रींचं. 'त्या बेण्याला सांगा, जाळी अर्धा इंच वर ठोकलीय. ती खाली घेतल्याशिवाय देवाच्या बापालाही उतार देता यायचा नाही. आधी जाळी खाली घे, मग अक्कल शिकव.'"

"बेणं?" प्लंबर उठला. "माझ्या बायकोच्या बहिणीशी लग्न केलंय तुम्ही. मी बेणं तर तुम्ही कोण?"

"आणि माझं नाक काढतोस? तुझ्या लग्नात तुला घोड्यावर बसवताना हेच नाक खाली वाकलं होतं."

"घोड्याचं काढू नका भावोजी, घोडा तुम्हीच मरतुकडा आणला होता."

भावोजी. त्या दोघांच्या लक्षातही आलं नाही. बाईंच्या आलं, पण त्यांनी जीभ दातांखाली धरली.

मग मिस्त्रीनेच हात वर केला. त्याने जाळीकडे बघितलं, मग साडूकडे. "थांब. तू दीड इंच म्हणाला होतास?"

"मग काय दोन फूट? आणि जाळी अर्धा इंच वर आहे हे तुम्ही मला सांगितलं होतंत?"

"ठणकावून."

"मला तर निरोप आला, 'मिस्त्री म्हणतात काम छान झालंय, उताराचं ते बघतो म्हणाले.'"

"आणि मला आला, 'जरा उताराकडे लक्ष असू द्या, जाळीचं तो बघतो म्हणालाय.'"

दोघांची तोंडं एकदमच बाईंकडे वळली. एवढे दिवस भिंतीशी बोलणारी माणसं, पण आता दोघांचं एकमत झालं होतं, आणि ते बाईंना फार जड गेलं.

"शिवी पाखडून टाकताना," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा मऊ आवाज आणखी बारीक झाला, "शिवीला चिकटलेला आकडाही माझ्याकडून गळाला. दीड इंच तुमच्या नाकात अडकला होता, आणि अर्धा इंच अकलेत. मला वाटलं, कशाला कुणाला दुखवा."

"ताई, दुखलं असतं तर दुखलं असतं," मिस्त्री म्हणाला. "पाणी तरी गेलं असतं."

प्लंबर म्हणाला, "आणि 'बघतो' काय म्हणून लावलंत? मला वाटलं, हे मला हिंग लावूनही विचारत नाहीत."

"मलाही तेच वाटलं," मिस्त्री म्हणाला.

बाईंनी पदराने चष्मा पुसला. तो पुसण्यासारखा मळला नव्हता.

साहेब आले तेव्हा बाईंनी कागद पुढे केला. साहेबांनी उभ्या उभ्या वाचला आणि पुन्हा वरपासून वाचला.

"चूक तुमची असं तुम्ही लिहिलंय."

"हो."

"मी काय म्हणालो होतो ते आठवतंय ना? ज्याची चूक, तो जाईल."

"आठवतंय." बाईंनी पिशवी खांद्याला लावूनच ठेवली होती.

दारात दोन्ही साडू उभे होते. प्लंबरने मिस्त्रीला कोपराने ढोसलं. मिस्त्रीने पुन्हा त्याला ढोसलं. शेवटी मिस्त्रीच बोलला. "साहेब, बाईंच्या तोंडून आम्ही बोलत होतो. तोंड आमचंही होतंच की. चूक लिहायची तर तिघांची लिहा, तीन बाथरूम आहेत."

साहेबांनी तिघांकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली. "हा माझ्याकडे राहील. जाळ्यांजवळची फरशी उखडा, जाळ्या खाली घ्या, आठ दिवस देतो. आणि बाई, या मजल्यावर निरोप बंद. तुम्ही बघायचं आणि लिहायचं. सांगायचं ज्याचं त्याने."

"सांगायचं ज्याचं त्याने," बाई म्हणाल्या. बोलायला सोपं होतं ते.

दुपारी उखडायला सुरुवात झाली. प्लंबर जाळीशी उकिडवा बसून छन्नी चालवत होता. मिस्त्री दाराशी दोरी धरून उतार आखत होता. दोघांमध्ये पाच हातांचं अंतर. बाई वही घेऊन खिडकीत टेकल्या. नुसती ठकठक चालू होती.

थोड्या वेळाने मिस्त्री म्हणाला, "ताई, त्याला सांगा जरा हातोडी इकडे द्यायला."

बाईंचं तोंड उघडलंसुद्धा होतं. शब्द ओठांवर आले होते, साखर घोळून तयार. त्यांनी तोंड मिटलं, पेन उचललं आणि खिडकीबाहेर कावळा बघायला लागल्या. कावळ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मिस्त्रीने वाट बघितली. घसा खाकरला. दोरी सोडली, पुन्हा धरली.

"ए," तो म्हणाला. "हातोडी दे."

"कुठली?" प्लंबरने वर न बघता विचारलं.

"तुझ्या सासऱ्याची. ती लहान. आणि जाळी अर्धा नाही, पाऊण इंच खाली घे. मी आत्ता मोजलंय."

"पाऊण? वहीत तर अर्धा होता."

"तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हतो."

प्लंबरने हातोडी फरशीवरून सरकवली, मापाची टेप काढली आणि स्वतः मोजायला पुढे सरकला. पाऊण की अर्धा यावर दोघांची जुंपली ती चहाची वेळ टळून गेली तरी संपेना. बाई खिडकीत बसून सगळं लिहून घेत होत्या, आकडेसुद्धा.