गिरणीचं तूस

लग्न होऊन मी बेलवलीला आले, तेव्हा आमच्या ह्यांनी भाताची गिरणी नुकतीच घातली होती. भात भरडून निघालेलं तूस गडी मागच्या ओढ्याकाठी टाकत. वारा सुटला की ते पाण्यात जाई. ओढ्याच्या खालच्या अंगाला ठाकरांची वाडी होती. तिथल्या बायका त्याच ओढ्यातलं पाणी भरत.

एका दुपारी वाडीतली एक म्हातारी भरला हंडा घेऊन मागच्या दाराशी आली. हंडा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बाय, तूच पिऊन बघ." पाण्यावर तुसाचा जाड थर होता.

मी ह्यांना म्हटलं, "अहो, एक खड्डा खणा ना तुसासाठी."

"मी गिरणी घातलीय, पाणपोई नाही."

मी रोज टोकत राहिले. शेवटी ह्यांनी बाजारातल्या दुकानदारांना ओटीवर बोलावलं. आतून चहा देताना मी कान देऊन होते. गावासाठी काहीतरी केलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग देवळापुढे फरशी घालायची आणि तिच्यावर सगळ्यांची नावं कोरायची, असं ठरलं. ओढ्याचं नावही कुणी काढलं नाही. माझा जीव नुसता जळत होता.

पुढे उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत पक्की घरं उठू लागली, तशा आमच्या बाजूला वीटभट्ट्या वाढल्या. विटा भाजायला भट्टीवाले तूस विकत मागू लागले. आठ दिवसांत ह्यांनी तूस साठवायला मागे पत्र्याची खोली बांधली. पाणी निवळलं. फरशीच्या समारंभात हे उभं राहून म्हणाले, "वाडीसाठी ओढा मी स्वच्छ करून घेतला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांत पुढे बसले होते. मला मान वर करवेना.

त्यानंतर ती म्हातारी टोपली घेऊन आली. भिंती लिंपायच्या मातीत मिसळायला वाडीतले लोक पूर्वी ओढ्याकाठचं आमचंच तूस नेत. गड्याने तिला हाकललं.

"टोपलीभर तर मागतेय," मी ह्यांना म्हटलं.

"आज ही आली, उद्या अख्खी वाडी येईल."

हे जेवायला बसल्यावर मी स्वतः तिची टोपली भरून दिली. संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं. किल्ली ह्यांच्या जानव्याला. म्हातारी पुन्हा दाराशी आली नाही. कुलूप मीच लावायला लावलं, असं तिला वाटलं असावं; ओढ्यावर दिसली तरी माझ्याशी बोलेनाशी झाली.